थर्डपार्टी नावाचं फोल्डर

केसकरांनी नोकरी सोडली तेव्हा
खुर्चीवरचा टॉवेल नेला, चष्म्याची डबी नेली,
आणि मागे ठेवलं
'थर्डपार्टी' नावाचं एक फोल्डर.
आत सतरा लायब्ररींच्या सतरा प्रती,
सगळ्यांच्या वर एक छोटी फाइल:
'येथील काहीही बदलू नये.
चालत आहे ते चालू द्यावे.
कारण विचारू नये.'

मी विचारलं नाही. सहा वर्षं.
कर्वेनगरच्या दोन खोल्यांत,
खाली झेरॉक्सवाला, वर गळकी टाकी,
आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहायचो.
हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन.
रक्त लोकांचं, चौकटी आमच्या,
आणि चौकटी आखणारा कोड
कुणा तिसऱ्याचा,
ज्याचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही.

मग शाहीन आली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
मॅडम, हे सगळं सिस्टीममध्ये असतंच की.
दारात नळ असताना
कॅन कशाला भरून ठेवायचे?

तिचं खरं होतं.
त्याच मार्चमध्ये चित्रं उघडणाऱ्या एका लायब्ररीत
भोक सापडलं. वाकडी फाइल दिली
की दार सताड उघडं.
जगभरच्या नळांना एका रात्रीत नवं वॉशर बसलं.
आमच्या कॅनमध्ये सहा वर्षांपूर्वीचं पाणी,
वर झाकण,
झाकणावर केसकरांची सूचना.

शाहीननं फोल्डर उपसलं.
सतराच्या सतरा प्रती ओतून दिल्या,
सगळं सिस्टीमला जोडलं,
चाचण्या हिरव्या झाल्या, आम्ही वडापाव मागवला.

तिसऱ्या दिवशी फोन. नारायण पेठेतून,
विश्वनाथ बऱ्हाटे, निवृत्त मुद्रितशोधक.
'साखर किती ते नंतर बघू,' म्हणाले,
'आधी माझं नाव नीट छापा.
माझा र आडवा पडून ह ला टेकतो.
तुम्ही तो डोक्यावर चढवलाय.
हा रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी असणार.'

छापून बघितलं. बर्हाटे.
खाली डॉक्टर कुर्हाडे.
त्याखाली, 'तपासणी करणार्याची सही'.

केसकर आता तळेगावला असतात.
फोनवर मागे कुकरची शिट्टी.
'पीडीएफवाली ना? तीत एक ओळ मी घातली होती.
त्यांना कळवलंही होतं तेव्हा,
उत्तर नाही आलं.'
मग लिहून का नाही ठेवलंत?
'विचारू नये लिहिलं होतं,' ते म्हणाले,
'म्हणून तुम्ही खरंच विचारलंच नाहीत?'

एक ओळ.
तिच्यावाचून 'तिसऱ्याचं' हा शब्दसुद्धा
नीट उमटत नाही.

त्या रात्री शाहीननं ती ओळ
पुन्हा एकदा त्या तिसऱ्याला पाठवली,
सोबत बऱ्हाट्यांच्या नावाचा फोटो, मोठा करून,
र भोवती लाल गोल.
अकरा दिवसांनी उत्तर आलं:
हे अक्षर आहे होय? आम्हाला वाटलं, कचरा.
पुढच्या आवृत्तीत घेतो.

पुढची आवृत्ती निघेल,
मग ती सिस्टीममध्ये येईल,
मग लॅबवाले कधीतरी मशीन बदलतील.
भोरच्या लॅबमधलं मशीन माझ्या मुलाहून थोरलं आहे.
तोवर सोळा जणी नळावर,
एक कॅनमध्ये.

फोल्डरातली फाइल शाहीननं नव्यानं लिहिली:
'ही प्रत तात्पुरती आहे. कारण: बऱ्हाटे.
दर महिन्याला भोकं तपासावीत.
वरचे दिवस आले की काढून टाकावी.'
कसले वरचे दिवस, मी म्हटलं,
वरची आवृत्ती म्हणायचंय ना?
ती हसली. बदललं नाही.

आज गुरुवार. पाणी बंद.
सकाळपासून नळ नुसता सुस्कारे टाकतोय.
दुपारी शाहीन झेरॉक्सवाल्याकडून
वीस लिटरचा कॅन ढकलत वर घेऊन आली,
दारात ठेवला, ओढणीनं कपाळ पुसलं.
दोघी प्यायलो.
त्यावर कुणीच काही बोललं नाही.